मोटारीची उचकी

माणसाला लागते ती उचकी आणि मोटारीला लागते ते 'मिसिंग'. पुस्तकात याला मिसफायर म्हणतात, पण आपल्या गॅरेजात तो शब्द कोणी वापरत नाही. तिथं गाडी 'मिसिंग मारते'. वर्तमानपत्रातला मिसिंग म्हणजे रागावून घरातून निघून गेलेला मुलगा. रंग सावळा, अंगात चौकड्यांचा शर्ट. गॅरेजातलं मिसिंग निराळं. तिथं चार भावांपैकी एक भाऊ घरातच आहे, दोन्ही वेळा पानावर येऊन बसतो आहे, फक्त कामाला हात लावत नाही. त्याच्या वाट्याचं ओझं उरलेले तिघं ओढतात आणि घर थडथडत चालतं. ज्यानं एकत्र कुटुंबात दिवस काढले आहेत त्याला इंजिनाचं हे दुखणं जास्त समजावून सांगावं लागत नाही.

माणसाला उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय म्हणतात. मोटारीची आठवण कोण काढणार? फार तर तिचा आधीचा मालक, तोही सुटकेचा निःश्वास टाकून. तेव्हा कारण शोधावंच लागतं. हे कारण शोधण्याचा उद्योग माणूस गेली दीडशेच्या वर वर्षं करतो आहे. शाळेत आपण लढायांच्या सनावळ्या पाठ केल्या, तहाची कलमं पाठ केली. पण उचकीचा इतिहास कोणी शिकवला नाही. वास्तविक त्यातही एक महायुद्ध आहे, एक धाडसी बाई आहे आणि एक खूनसुद्धा आहे.

आधी उचकी म्हणजे काय ते पाहू. चार सिलिंडरचं साधं इंजिन घ्या. ते मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर मिनिटात सहा हजार ठिणग्या पडाव्या लागतात. म्हणजे सेकंदाला शंभर. तासाभराच्या प्रवासात साडेतीन लाखांच्या वर. प्रत्येक ठिणगी ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या घरात, आणि क्रमसुद्धा पहिला, तिसरा, चौथा, दुसरा असा पंगतीतल्या वाढप्याला गोंधळात टाकणारा. त्या क्षणी तिथं हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळून, दाबून तयार असलं पाहिजे. यातलं काहीही चुकलं की एक बार फुसका जातो. हा सगळा हिशेब वाचल्यावर मोटार कधीकधी मिसिंग मारते याचं आश्चर्य वाटेनासं होतं. ती एरवी मारत नाही याचंच वाटू लागतं.

ही ठिणगी आली कुठून? १८६० साली पॅरिसमध्ये एतिएन लन्वार यानं गॅसवर चालणारं इंजिन काढलं आणि त्यात बॅटरी, गुंडाळी आणि चिनी मातीचा प्लग लावून विजेची ठिणगी पाडली. कल्पना बरोबर होती, पण ठिणगी बेभरवशाची. पुढच्या लोकांनी या लहरी बाईचा नादच सोडला. १८७६ साली ऑटोनं जर्मनीत चार फेऱ्यांचं इंजिन बनवलं, त्यात तो सरळ ज्योतीनं गॅस पेटवत असे. डाइमलरनं नळी बाहेरून बर्नरनं लाल तापवायची आणि तिच्या उष्णतेनं आतला मसाला पेटवायचा अशी युक्ती केली. म्हणजे पेट्रोलच्या शेजारी उघडी चूल पेटवून गावभर हिंडायचं. वाऱ्यानं चूल विझली तर गाडी बंद, आणि न विझता भलतीकडे पसरली तर गाडी कायमची बंद.

कार्ल बेन्झ मात्र विजेला चिकटून राहिला. ठिणगी पाडणं ही सगळ्या अडचणींतली मुख्य अडचण आहे, असं त्याचं मत होतं. १८८६ साली त्यानं आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं, पण ती विकत घ्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये त्याच्या बायकोनं, बेर्थानं, नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली आणि दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्त्सहाइमला आपल्या आईकडे निघाली. बायको माहेरी गेली, त्यातून मोटार जगाला माहीत झाली!

वाटेत व्हायचं ते सगळं झालं. इंधन संपलं, ते वीसलोख गावातल्या औषधवाल्याकडून घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनी टोपीला लावायच्या लांब टाचणीनं मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचं आवरण झिजलं होतं, तिथं पायमोज्याचा बंद गुंडाळून वीज आवरली. गाडीचे ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. आज कोणत्याही गॅरेजात मिसिंगची गाडी गेली की 'पेट्रोल येतंय का, करंट येतोय का' हे दोन प्रश्न पहिल्यांदा विचारतात. बेर्थाबाईंनी ते दोन्ही प्रश्न भर रस्त्यात सोडवले, त्यासाठी फक्त अंगावरचे कपडे वापरले आणि कुणाकडेही दहा मिनिटांची पाण्याची सुट्टी मागितली नाही.

ठिणगीला शिस्त लावली ती श्टुटगार्टच्या रोबर्ट बॉशनं. १८८७ मध्ये त्यानं एका जागी उभ्या असलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला. म्हणजे लोहचुंबकावर चालणारं, बॅटरीची गरज नसलेलं ठिणगीयंत्र. १८९७ मध्ये ते एका तीनचाकी वाहनाला बसवलं. १९०२ मध्ये त्याचा सहकारी गॉटलोब होनोल्ड यानं जास्त दाबाच्या विजेचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग तयार केला, आणि मोटारींची उचकी पुष्कळ थांबली. माल इतका चोख की शेजारच्या देशांनी तो स्वतः बनवायचे कष्टच घेतले नाहीत.

आणि मग १९१४ उजाडलं. जर्मनीशी युद्ध पुकारल्यावर ब्रिटनच्या ध्यानात आलं, की आपल्या मोटारींना आणि विमानांना लागणारे बहुतेक मॅग्नेटो जर्मनीतून, बॉशकडून येतात! लढाई ज्याच्याशी, त्याच्याच दुकानातून काडेपेटी आणायची अशी ही अवस्था. ब्रिटनला घाईघाईनं हा उद्योग घरी उभा करावा लागला. जमिनीवर इंजिनानं उचकी दिली तर माणूस खाली उतरून बॉनेट उघडतो. पाच हजार फुटांवर उतरायचं कुठं? विमानाच्या इंजिनात पुढं एकेका सिलिंडरला दोन-दोन प्लग आणि दोन स्वतंत्र मॅग्नेटो बसवण्याचा रिवाज पडला, आणि तसल्या इंजिनाच्या विमानाचा वैमानिक आजही उड्डाणापूर्वी एक मॅग्नेटो बंद करून इंजिन किती मंदावतं ते पाहतो, मग दुसरा.

इकडे अमेरिकेत १९०८ साली फोर्डची टी मॉडेल निघाली. तिच्यात चार सिलिंडरांना चार वेगळ्या गुंडाळ्या होत्या, लाकडी पेटीत ओळीनं बसवलेल्या. प्रत्येकीवर एक पत्ती भुंग्यासारखी गुणगुणायची. गाडी मिसिंग मारू लागली की पेटीचं झाकण काढायचं आणि त्या पत्त्या बोटांनी दोन-दोन दाबून ठेवत बघायचं. कुठली पत्ती दाबल्यानं इंजिनाला काहीच वाटत नाही, तिचा सिलिंडर आळशी. पेटीवादन येणाऱ्या माणसाला हे सहज जमावं. त्या गाड्या घेणारे बरेचसे शेतकरी होते, आणि बोटं टेकवून रोग ओळखण्याची ही विद्या त्यांच्यातल्या अनेकांना येत होती.

पण सुख फार दिवस टिकू द्यायचं नाही असा यंत्रांचा नियम आहे. चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरनं आधी दुकानाच्या गल्ल्याला विजेची मोटर बसवली होती. १९१० च्या सुमारास त्यानं कॅडिलॅकसाठी ठिणगीची नवी व्यवस्था केली. पुढं तिचं जे रूप जगभर रुळलं त्यात गुंडाळी एकच, आणि डिस्ट्रिब्युटर नावाचा कारभारी ती वीज चौघांना वाटून देणार. त्यात दोन छोटे पॉइंट सतत उघडझाप करतात, शेजारी कंडेन्सर बसलेला असतो आणि बॅटरीच्या बारा व्होल्टांचे पंधरा-वीस हजार व्होल्ट होऊन प्लगवर उडी मारतात. चार भाऊ आणि वाटणी करणारा एक कारकून! भांडणाला आता निमित्त कमी पडणार नव्हतं. ही व्यवस्था साठ वर्षांवर जगभर चालली. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाट ११०० आणि नंतरच्या पद्मिनीत हीच, आणि अँबॅसडरमध्येही हीच.

या काळात मी एक गाडी बाळगून होतो. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. ती आता या जगात नाही आणि गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये. आमच्या नाक्यावर एक मिस्त्री होते, मूळचे साताऱ्याकडचे. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की ते हातातला पाना न थांबवता म्हणत, "साहेब, तीनावर आलीय." चारांपैकी तीनच सिलिंडर चालू आहेत, हे निदान त्यांनी गाडीकडे पाठ करून केलेलं असे. मग ते लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन चालू इंजिनावर एकेका प्लगची वीज जमिनीत जिरवायचे. पहिला बंद केला, इंजिन कण्हलं. तिसरा बंद केला, इंजिन कण्हलं. दुसरा बंद केला, इंजिनाला पत्ताच नाही. "हा बघा, हा."

"मिस्त्री, हे तुम्हांला कळतं कसं?"

"हापिसात नाही का कळत, साहेब? एकेकाला रजेवर पाठवायचं. ज्याच्या जाण्यानं काही अडत नाही तो कामचोर."

आमच्या कचेरीत ही चाचणी कधी कोणी घेतली नाही हे बरं झालं.

कोण ते कळलं, की 'का' ते शोधायचं. इथं मिस्त्रींची पद्धत वैद्यांच्या त्रिदोषासारखी होती. हवा म्हणजे वात, पेट्रोल म्हणजे कफ आणि ठिणगी म्हणजे पित्त. आधी जीभ बघायची, म्हणजे प्लग काढायचा. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर प्रकृती उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होतंय, कफ वाढलाय. पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कार्बोरेटरखालच्या गॅसकेटमधून इंजिन 'हवा खातंय'. टोक तेलानं ओलं असेल तर मात्र मिस्त्री गंभीर होत. रिंगा गेल्या, तेल वर चढतंय. मग प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून ते दाब अजमावत. दाब धड अंगठा ढकलत नसेल तर तिथं ठिणगी बदलून उपयोग नाही, प्लग सोन्याचा घातला तरी. आणि तिन्ही दोष एकदम असतील तर सन्निपात. त्यावर मिस्त्रींचं औषध एकच होतं: "गिऱ्हाईक बघा."

त्यांचा एक नियम मला फार आवडे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुसऱ्याचा प्लग काढून तिसऱ्यात घालायचा आणि तिसऱ्याचा दुसऱ्यात. मिसिंग प्लगबरोबर तिसऱ्या घरी राहायला गेलं तर दोष प्लगचा. जागच्या जागी राहिलं तर प्लग निर्दोष. मग तार बघा, डिस्ट्रिब्युटरचं झाकण बघा. चौघंही आळीपाळीनं उचकी देत असतील तर दोष सामाईक खर्चातला: पॉइंट जळलेत, कंडेन्सर गेलाय, किंवा पेट्रोलमध्येच काहीतरी आहे. पलीकडच्या गॅरेजात प्लग, पॉइंट, कंडेन्सर, तारा असं सगळं एकदम बदलत. गाडी बरी होई, पण नेमकं काय झालं होतं ते कोणालाच कळत नसे. गिऱ्हाइकाला फक्त बिल कळे.

पावसाळ्यात या विद्येला बहर येई. मुंबईचं पाणी डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात शिरलं की वीज आपली वाट सोडून ओल्या वाटेनं पळे. दर शंभर पावलांवर एक गाडी बॉनेट उघडून उभी आणि तिचा मालक झाकण काढून रुमालानं पुसतोय, हे आषाढातलं नेहमीचं दृश्य होतं. वारकरी चालत पुढं जात आणि मोटारवाले उभे राहत.

आता त्या खुनाकडे येतो. मिसिंगचं कारण कधी कधी बॉनेटच्या आत नसतंच. रेशनचं रॉकेल सरकार स्वस्तात देत असे. ते ओळखू यावं म्हणून त्यात निळा रंग घालत. पेट्रोल-डिझेल महाग आणि रॉकेल स्वस्त, त्यामुळे मधल्या मध्ये ओतणाऱ्यांची चलती झाली. पेट्रोलमधलं रॉकेल नीट वाफारत नाही, पुरतं जळत नाही, इंजिन ठोके देऊ लागतं आणि प्लगवर काजळी धरते. मिस्त्री प्लग नुसता हुंगून "पाजलंय साहेब कोणीतरी" म्हणत आणि आम्ही हसत असू. पेट्रोलपंपावर गाळणकागदाचा तुकडा मागून त्यावर थेंब टाकावा. चांगलं पेट्रोल डाग न ठेवता उडून जातं. एवढं आम्हांला माहीत होतं आणि एवढ्यावर आमची जबाबदारी संपत होती. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी इथं, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे टँकरमधल्या रॉकेलची चोरी पकडायला गेले. त्यांना तिथं भरदिवसा जिवंत जाळण्यात आलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. एका प्लगवरच्या काजळीचा माग काढत मागं मागं गेलं तर तो कुठपर्यंत पोहोचतो, हे त्या दिवशी महाराष्ट्राला कळलं. त्यानंतर काजळीवरच्या विनोदाला मला पूर्वीसारखं हसता आलेलं नाही.

दरम्यान इंजिनाची उचकी हा मालकाचा खाजगी प्रश्न राहिला नव्हता. धूर शुद्ध करण्यासाठी गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. आपल्याकडे चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना १९९५ पासून. यात जाळीदार मातीच्या विटेवर प्लॅटिनमच्या जातीच्या धातूंचा मुलामा असतो. सिलिंडरनं उचकी दिली की न जळलेलं पेट्रोल तिथं जाऊन पेटतं आणि ही महागडी वीट वितळते. म्हणून कॅलिफोर्नियानं १९९४ पासूनच्या नव्या गाड्यांसाठी नियम करत नेला, की गाडीनं स्वतःची उचकी स्वतः ओळखून चालकाला सांगितली पाहिजे. १९९६ पासून ते सगळ्या अमेरिकेत आलं. आपल्याकडेही २०१० नंतर ही व्यवस्था टप्प्याटप्प्यानं आली. गाडीतला पिवळा दिवा नुसता पेटला तर सवडीनं दाखवा. लुकलुकू लागला तर वेग कमी करा आणि थांबा, वीट वितळायच्या बेतात आहे.

संगणक हे ओळखतो कसं? इंजिनाच्या मुख्य दांड्यावर दातेरी चाक असतं. प्रत्येक बाराबरोबर दांड्याला ढकल मिळते. एक बार फुसका गेला की दांडा केसभर मंदावतो आणि तेवढ्यावरून संगणक सांगतो, दुसरा कामचोर. मिस्त्री जे कानानं करत तेच तो दाते मोजून करतो. फक्त त्याचा एक गोंधळ होतो. खराब रस्त्यावर चाकांना बसलेले धक्के दांड्यापर्यंत पोहोचतात आणि त्याला ते मिसिंग वाटतं. म्हणून रस्ता खराब असला की तेवढा वेळ हिशेब बाजूला ठेवायला त्याला वेगळं शिकवावं लागलं. आपल्याकडच्या काही रस्त्यांवर त्याला हिशेबाला सवड कधी मिळते, कोण जाणे.

आणखी एक गंमत झाली. डिस्ट्रिब्युटर गेला, पॉइंट गेले, कंडेन्सर गेला आणि पुष्कळ नव्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर स्वतंत्र गुंडाळी आली. चार भावांना चार. म्हणजे १९०८ च्या फोर्डमध्ये होतं तेच! शंभर वर्षं एकत्र वाटणीचे प्रयोग करून सगळे परत वेगळे राहायला लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरची टॅक्सीच्या धंद्यातली नोकरीही संपली.

मिस्त्रींचं गॅरेज आता त्यांचा मुलगा चालवतो. त्याच्याकडे हातात धरायचं यंत्र आहे. ते गाडीला जोडलं की आकडा येतो: पी ०३०२. शेवटचा दोन म्हणजे दुसरा सिलिंडर. शेवटी शून्य आलं तर कोण एक असा नाही, सगळ्यांचीच कुरकूर. परवा माझ्या देखत एका गाडीचा असा आकडा आला. गाडीवाला साहेब घाईत होता. "कॉइल बदलून टाक," म्हणाला. आकडा दिसल्यावर माणसाला निकाल लागल्यासारखं वाटतं. वास्तविक तो आकडा फक्त आरोपीचं नाव सांगतो. गुन्हा काय ते सांगत नाही. ठिणगी नाही, की पेट्रोल फवारत नाही, की दाब नाही, की कुठून हवा खातंय, यातलं आकड्याला काहीच माहीत नसतं.

मिस्त्री दारात खुर्ची टाकून बसले होते. आता त्यांना ऐकू कमी येतं, आणि नवी इंजिनं तशीही आवाज करत नाहीत. त्यांनी मुलाला हाक मारली.

"कोण ते मशीननं सांगितलं. का ते बघ."

मुलानं दुसऱ्याची कॉइल काढून तिसऱ्यावर ठेवली, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आकडा पुसला आणि गाडी एक चक्कर मारून आणली. आकडा पुन्हा आला तो पी ०३०२ च. कॉइल निर्दोष सुटली. प्लग काढला, त्याच्या पांढऱ्या मातीला केसासारखी बारीक चीर होती आणि वीज तिथूनच पळत होती. नवा प्लग बसला. गाडीवाल्यानं बिल पाहिलं, कॉइलचे पैसे वाचलेले पाहिले आणि घड्याळाकडे पाहत म्हणाला, "एवढ्याशा प्लगसाठी पाऊण तास?"

मुलगा काही बोलला नाही. त्यानं तो तडकलेला प्लग बापाच्या हातात दिला, आणि मिस्त्री कितीतरी वेळ तो उजेडाकडे धरून बघत बसले.